‘नांदणे’ आणि कुटुंब-समुपदेशकाचा व्यवसाय

विवाहातील व कुटुंबातील दुरावा दूर करणे, किंवा तो दूर होण्याजोगा नसेल तर विभक्त होण्याची वाट कमीत कमी क्लेशकारक करणे, हे ज्याचे काम, त्यास कुटुंब-समुपदेशक म्हणतात. हे काम पूर्वीही होत असे. परंतु ते घरातील वडीलधारी मंडळी, जातपंचायत किंवा गावातील प्रतिष्ठित माणसे करीत. व्यवसाय म्हणून ते आपल्याकडे तुलनेने अलीकडचे आहे. ह्या व्यवसायाची तयारी कशी करावी ह्याचा विचार करता असे दिसते की, तिचा मोठा भाग भाषेचा आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन तेच.

प्रथम बाह्य तयारी पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९६३ साली ह्या व्यवसायासाठी परवान्याची पद्धत सुरू केली. पदव्युत्तर पदवी, अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखालील काम आणि परीक्षा असा तेथील क्रम आहे. भारतात ह्या नावाचा स्वतंत्र परवाना नाही. समाजकार्य, मानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्र ह्यांपैकी एका वाटेने उमेदवार येथे येतो. समाजकार्याच्या शिक्षणाची संस्था मुंबईत १९३६ सालीच निघाली होती. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने मात्र ह्या कामाला कायद्यात स्थान दिले. त्याच्या सहाव्या कलमात समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद आहे, आणि नवव्या कलमान्वये प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरते. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये १९८९ साली सुरू झाली.

परंतु समुपदेशकापुढे जे दांपत्य येऊन बसते, ते कलमांच्या भाषेत बोलत नाही. ‘नांदणे’ हा एकच शब्द घ्यावा. घरात शांती नांदते. कहाणीतील राजाराणी सुखाने नांदतात. ह्या अर्थी तो शब्द उभयतांचा आहे. परंतु वाद उत्पन्न झाला की त्याचा अर्थ पालटतो. मग पत्नी ‘नांदायला येत नाही’ आणि पती तिला ‘नांदवीत नाही’. पती नांदायला गेला, असे (घरजावयाचा अपवाद वगळता) कोणी म्हणत नाही. सहजीवनाचा शब्द अशा रीतीने एकीच्या कर्तव्याचा आणि दुसऱ्याच्या अधिकाराचा होतो. ‘जुळवून घे’ ह्या उपदेशाचेही तसेच. तो व्याकरणदृष्ट्या कोणालाही करता येईल. व्यवहारात तो बहुधा सुनेलाच केला जातो. आणि ‘अबोला’? तो केवळ मौन नव्हे. तो धरावा लागतो, सोडावा लागतो, आणि प्रथम कोणी सोडावा ह्यातच घरातील सत्तेचा प्रश्न दडलेला असतो.

पाश्चात्त्य सिद्धान्त येथे निरुपयोगी आहेत, असा ह्याचा अर्थ नव्हे. साल्वादोर मिनुचिन ह्यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात कुटुंबातील उपगट आणि त्यांमधील सीमा ह्यांची जी मांडणी केली, ती अत्यंत उपयुक्त आहे. मात्र एकत्र कुटुंबात सासू स्वयंपाकघरात सुनेला सूचना देते एवढ्यावरून तेथे सीमा पुसल्या गेल्या आहेत असे निदान करणे उतावीळपणाचे होईल. उलट, ‘आमच्याकडे अशीच रीत आहे’ हे वाक्य प्रमाण मानून स्वस्थ बसणेही तितकेच चुकीचे. त्या रीतीचा भार कोणावर पडतो, हे विचारलेच पाहिजे.

येथेच ह्या व्यवसायातील खरी जोखीम आहे. ‘जरा हात उचलला’, ‘थोडे कमीजास्त झाले’, ‘भांड्याला भांडे लागतेच’ अशा शब्दांआड मारहाण लपते. समुपदेशकाने ते शब्द जसेच्या तसे स्वीकारले, तर समेटाच्या नावाखाली तो एखाद्या स्त्रीला पुन्हा त्याच घरात लोटील. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाखाली २००६ साली झालेल्या नियमांत ह्याची जाणीव दिसते. त्यांनुसार, आरोपित हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीला समुपदेशनात वाव नाही, आणि हे त्याला कामकाजापूर्वीच सांगावयाचे असते. निःपक्षपातीपणा म्हणजे दोघांचे बोलणे सारख्याच आदराने ऐकणे. मार आणि मार खाणे ह्यांना समान लेखणे नव्हे.

रखमाबाईंच्या खटल्यात, १८८४ पासून पुढची चार वर्षे, न्यायालयापुढे मूळ प्रश्न एवढाच होता की, अजाणत्या वयात लग्न लागलेल्या ह्या स्त्रीला पतीकडे जाण्याची सक्ती करता येईल की नाही. १८८७ मध्ये ‘पतीकडे जा, अन्यथा तुरुंगात जा’ असा आदेश झाला, आणि तिने तुरुंगाची तयारी दाखविली. ‘तुला का जावयाचे नाही?’ हा प्रश्न निकालाच्या दृष्टीने गौण ठरला. आजच्या समुपदेशकाचे काम नेमके ह्या गौण ठरलेल्या प्रश्नापासून सुरू होते. पदवी त्याला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार देईल. परंतु उत्तरात ‘नांदणे’ हा शब्द आला, तर तो कोणत्या अर्थाने आला, हे ओळखण्यासाठी त्या भाषेत मुरलेला कानच हवा.