संचाच्या पोटातील मराठी
मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु त्याच्या लहरी उज्जयिनीपर्यंत कोठून पोहोचणार? पुढे व्हिडिओ आले, तेव्हा आम्हां माळव्यातील मराठी मंडळींची भिस्त आप्तांनी धाडलेल्या कॅसेटींवर असे. तीन तासांची एकच फीत, पण दहा घरे फिरे! १९९० नंतर उपग्रहाने मराठी वाहिन्या दारी आणल्या. कालांतराने एलजीच्या ‘टाइम मशीन’सारख्या सपाट पडद्याच्या संचांच्या पोटातच मुद्रणयंत्र आले. सोय मोठी खरी. आई महाकालाचे दर्शन घेऊन परतेपर्यंत नाटक खोळंबून राही. मात्र अशा बहुतेक संचांतील मुद्रण सांकेतिक कुलपात बंद. दुसऱ्या संचावर ते उघडत नाही. शेजाऱ्यांना नाटक दाखवायचे, तर त्यांनाच चहाला बोलवावे लागते. जुन्या फितींना बुरशी लागते. ज्यांच्याकडे त्या असतील, त्यांनी आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात.