मुलांच्या हातातील फोन आणि फोनमधील परके



लागणीची तारीख, पाणीपाळी, खताचे हप्ते यांविषयी या पानावर नेहमीच लिहिले जाते. या वेळी विषय घरातला घेतला आहे.

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात फोन आला. शाळा सुरू झाल्या, फोन काही परत आला नाही. त्यावर इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, फेसबुक अशी खाती असतात. तिथे मैत्री होते, चार गोष्टी शिकायलाही मिळतात. सरसकट वाईट म्हणण्यात अर्थ नाही. पण एका प्रकाराची माहिती प्रत्येक घराला हवीच.

तो असा चालतो. मुलाच्याच वयाच्या मुलीचा फोटो लावलेले अनोळखी खाते मैत्रीची विनंती पाठवते. वर्गातल्या दोघांनी ती आधीच स्वीकारलेली असते, म्हणून आपला मुलगाही स्वीकारतो. गोड बोलणे होते. मग ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ये’. पलीकडून कुणाचा तरी उघडा फोटो येतो आणि तुझाही पाठव म्हणून गळ घातली जाते. फोटो गेला की भाषा बदलते. मुलाच्या मित्रांची, मामा-काकांची यादी त्यालाच दाखवून ‘पैसे टाक, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो’ अशी धमकी येते. मुलगा वडिलांच्या फोनवरून पाचशे टाकतो, की लगेच दोन हजारांची मागणी. पैशासाठी चालणाऱ्या या प्रकारात १४ ते १७ वर्षांचे मुलगेच जास्त सापडतात, असे अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने सांगितले आहे. तेव्हा ‘आमचा तर पोरगा आहे, त्याला काय होतंय’ हे बोलणे सोडून द्यावे. मुलींकडे बहुधा आणखी फोटोंची मागणी होते. आता तर काही पाठवायचीही गरज उरली नाही. गॅदरिंगमधल्या साध्या फोटोवरून संगणक खोटा नग्न फोटो बनवून देतो.

कॅनडातील अमांडा टॉड या मुलीचे असे एकच चित्र एका परक्या माणसाच्या हाती लागले. ते दाखवून त्याने तिचा छळ मांडला. तिने शाळा बदलली, तरी तो नव्या शाळेतल्या मुलांपर्यंत पोचला. ऑक्टोबर २०१२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिने जीवन संपवले. छळणारा होता समुद्रापलीकडे, नेदरलँड्समध्ये. कॅनडाच्या न्यायालयाने त्याला १३ वर्षांची शिक्षा सुनावली, ती २०२२ साली.

अशा वेळी मूल घरी का बोलत नाही? फोन काढून घेतील, मारतील, ही भीती. मुलीच्या बाबतीत फोनपाठोपाठ शाळा सुटते आणि स्थळे बघायला सुरुवात होते, हे तिने शेजारी पाहिलेले असते. धमकी देणारा नेमका याच भीतीवर पैसे काढतो. म्हणून आजच, काही घडलेले नसताना, जेवायला बसल्यावर सांगून ठेवा : ‘कुणी धमकी दिली तर आधी आम्हाला सांग. फोन घेणार नाही, शाळा बंद करणार नाही.’ वेळ आली तर हा शब्द पाळा. मुलांना आईशी बोलणे सोपे जाते, तेव्हा हे पान घरातील भगिनींनीही वाचावे. अंक नुसता कपाटावर पडू देऊ नये.

काट्यावर वजनपावती बघितल्याशिवाय आपण ट्रॅक्टर हलवीत नाही. मुलाचे खातेही एकदा तसेच बघा, पण त्याला शेजारी बसवून, चोरून नको. खाते खाजगी असले की मित्रांची यादी परक्याला दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामने अल्पवयीनांची खाती आपोआप खाजगी ठेवण्याची सोय भारतात आणली. ती जन्मतारखेवर चालते, आणि खाते उघडून देताना थोरल्या भावाने जन्मसाल २००० टाकलेले असते! ते आधी दुरुस्त करा.

प्रकार घडलाच तर पैसे देऊ नका. दिले असतील तर पुढचे थांबवा. संभाषण पुसू नका. धमकी, खात्याचे नाव, पैसे गेलेला यूपीआय पत्ता यांचे स्क्रीनशॉट ठेवा. मुलाचा फोटो मात्र ‘बघा काय झालं’ म्हणून भावकीत कुणाला पाठवू नका. तो पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणे अवघड होते. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते. अब्रूची काळजी वाटणारच, पण २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलाचे नाव, पत्ता, शाळा छापायला मनाई आहे. फोटो पसरू नये म्हणून ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही; त्याची आकड्यांची खूण आपल्याच फोनवर तयार होते आणि तिच्यावरून फेसबुक, इन्स्टाग्राम तो अडवू शकतात.

मूल गप्प गप्प असेल, जेवत नसेल, तर त्याला एकटे सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे. उसाच्या पावत्या ज्या वहीत ठेवता, तिच्या पहिल्या पानावर हे तिन्ही क्रमांक लिहून ठेवा.