सुरकुती आहे म्हणून धातू वाकतो

तांब्याची तार वाकवून सोडून द्या, ती वाकलेलीच राहते. रबर पूर्ववत होते, काच तडकते, धातू मात्र नवा आकार मुकाट्याने धरून ठेवतो. हे घडते कसे?

धातूमध्ये अणू थरावर थर असे शिस्तीने रचलेले असतात. तार वाकते तेव्हा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल, याचे गणित १९२६ मध्ये फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने मांडले. उत्तर प्रत्यक्ष जोराच्या हजारो पट आले!

हे कोडे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सोडवले. दिवाणखान्यातली मोठी सतरंजी ओढून पाहा, ती हलता हलत नाही. तिच्या एका कडेला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्या, सतरंजी सहज सरकते. अणूंच्या रचनेतही अशाच सुरकुत्या असतात. त्यांना डिसलोकेशन म्हणतात. १९५६ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यात त्या सरकताना प्रत्यक्ष पाहिल्या. तांबट भांडे ठोकतो तेव्हा या सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि तांबे कडक होते. म्हणून त्याला ते पुन्हा तापवून मऊ करावे लागते.

आता धातूच अगदी लहान केला तर? २००४ मध्ये अमेरिकेत मायकेल उचिक व सहकाऱ्यांनी निकेलचे केसापेक्षाही बारीक खांब कोरून दाबून पाहिले. खांब जितका बारीक, तितका तो कणखर ठरला. पुढच्या वर्षी सोन्याच्या खांबांतही तेच दिसले. एवढ्याशा जागेत सुरकुती जन्मायला वाव कमी आणि जन्मलीच तर पृष्ठभाग जवळ असल्याने ती लगेच बाहेर पडते. मग धातू सरकावा तरी कशाच्या आधाराने?

पण हा कणखरपणा लहरी असतो. मोठी तार संथपणे वाकते, कारण तिच्यात असंख्य सुरकुत्या एकाच वेळी हलत असतात. सूक्ष्म खांब मात्र बराच वेळ ताठ राहतो आणि अचानक झटक्याने सरकतो. मोबाइलमधल्या चिप आणि सेन्सर यांचे भाग याच मापाचे असतात. त्यामुळे जाड सळईवर काढलेले मजबुतीचे आकडे तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. ज्या मापाची वस्तू घडवायची, त्याच मापावर धातू तपासावा लागतो.