आधारचा फोटो कशाला हवा?

एप्रिल-मेच्या उन्हात सोलापुरात दुपारी पोरांना मैदानावर कोण सोडणार? म्हणून ऑनलाइन बुद्धिबळाच्या किंवा बीजीएमआय या मोबाईल गेमच्या स्पर्धेचं पोस्टर ग्रुपवर आलं की आईबापांना हायसं वाटतं. खाली फॉर्मची लिंक. जन्मतारीख, शाळा, घरचा पत्ता, आईचा मोबाईल आणि आधारचा दोन्ही बाजूंनी फोटो. पाच मिनिटांत सगळं देऊन मोकळे.

आयोजक म्हणतात, आधार घेतलं नाही तर वय चोरणारे पकडायचे कसे? चिंता रास्त आहे. तेरा वर्षांचा मुलगा अकरा वर्षांखालच्या गटात बसला, तर खऱ्या लहानग्यांची बक्षिसं जातात. कागद मात्र चुकीचा मागितला जातो. आधार हा वयाचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात सांगितलं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. तेव्हा पाहायचा तो जन्माचा किंवा शाळेचा दाखला. तोही पाहायचा, साठवायचा नाही. व्हिडिओ कॉलवर दाखला बघून यादीत नावापुढे ‘पाहिला’ अशी खूण केली, की काम झालं.

यादी लावताना पूर्ण जन्मतारीख छापली तरच पारदर्शकता, हीसुद्धा अशीच एक समजूत. बुद्धिबळाचे वयोगट १ जानेवारीला मोजतात. साल कळलं की गट कळला. जागतिक संघटना फिडे आपल्या उघड यादीत नाव, देश, रेटिंग यांच्यासोबत जन्माचं फक्त साल देते. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये प्रत्येक संघात वीस वर्षांखालची एक मुलगी लागायची. भारताकडून त्या पटावर खेळणाऱ्यांत नागपूरची दिव्या देशमुख होती. तिच्या नावापुढे फिडेच्या यादीत २००५ एवढंच दिसतं. जिल्ह्याच्या स्पर्धेला याहून जास्त कशाला लागावं?

‘नाव तंतोतंत जुळलं नाही म्हणजे खेळाडू बोगस’ हा नियम तर सोलापुरात चालवूच नये. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात, अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत तऱ्हा वेगळी. दाखल्यावरचा सिद्धाराम गेममध्ये सिद्राम असतो आणि इंग्रजी स्पेलिंगला तर धरबंदच नाही. एका मोबाईल नंबरवर दोन नोंदी आल्या तरी तेच. घरात दोन भाऊ आणि फोन एक, हे आपल्याकडे नवलाचं नाही. बाद करण्याआधी एक फोन करावा.

‘आम्ही कंपनी थोडेच, आमचं हौशी मंडळ’ असं कार्यकर्ते बिनधास्त सांगतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सूट आहे ती व्यक्तीच्या खासगी वा घरगुती वापराला. नोंदणी नसलेली मंडळंही त्याच्या कक्षेत येतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल. फॉर्मच्या तळाशी पोरानेच ‘पालकांना विचारलं आहे’ यावर टिक केली, तर ती संमती कशी ठरेल? काम संपल्यावर माहिती पुसणंही कायद्यातच आहे. गेल्या तीन वर्षांचे फॉर्म ड्राइव्हवर पडून असतील, तर आजच बघा.

गूगल फॉर्म सुरक्षित असतो, हे अर्धंच खरं. भरणाऱ्यांना निकालाचा गोषवारा दाखवण्याची एक सेटिंग असते. ती चुकून चालू राहिली तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसतं. उत्तरांची शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ खुली केली की मग विचारायलाच नको. फीच्या स्क्रीनशॉटवरही पाठवणाऱ्याचा यूपीआय आयडी असतो. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक घेतला तर जमा झालेली रक्कम त्यावरून जुळवता येते.

राहिला प्रश्न ‘जो आधी भरेल त्याला जागा’ याचा. बीजीएमआयच्या शंभर जणांच्या लॉबीत चौघांचे पंचवीसच संघ मावतात. लिंक आधी ओळखीच्यांना आणि दोन तासांनी गावाला गेली, तर फॉर्मवरची वेळ कितीही अचूक असली तरी उपयोग काय? लिंक किती वाजता खुली होणार ते आदल्या दिवशी जाहीर करावं, आणि प्रतीक्षा यादी संघाच्या नावांनिशी लावावी. मोबाईल नंबर त्या यादीत नकोत.