गोळी द्यावी की नाही, हे नकाशा सांगतो

हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला कर्मचारी दारात आले, की “डॉक्टर, एवढ्या गोळ्या एकदम? काही होणार नाही ना?” हा प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो. त्यातल्या आयव्हरमेक्टिनची आफ्रिकेतली हकिकत वाचकांना सांगण्याजोगी आहे.

तेथे वाहत्या नदीकाठच्या काळ्या माशीमुळे अंधत्व आणणारा एक कृमिरोग होतो. त्यावर हे औषध मर्क कंपनी १९८७ पासून फुकट देते. पण कॅमेरूनच्या जंगलभागात लोआ लोआ नावाचा दुसराही कृमी आहे. कधीकधी तो चक्क डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसतो! ज्याच्या एक मिलिलिटर रक्तात या कृमीची ३०,००० हून अधिक पिल्ले असतात, त्याला आयव्हरमेक्टिन दिल्यास मेंदूवर परिणाम होऊन बेशुद्धी, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो.

म्हणून ठरले, की ज्या गावात २० टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात ही पिल्ले असतील, तेथे जादा खबरदारी घ्यायची. पण गावोगाव रक्त तपासणार कोण? आणि समजा, ५० जण तपासले व ९ जणांत पिल्ले सापडली, म्हणजे १८ टक्के. गाव सुरक्षित झाले का? दुसरे ५० जण तपासले असते तर कदाचित १२ निघाले असते. टक्केवारी आम्हा डॉक्टरमंडळींनाही उगाच धीर देते.

इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ पीटर डिगल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली यावर वाट दाखवली. प्रत्येक माणसाचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच. पण शेजारच्या गावांची उत्तरे एकमेकांसारखी असतात, कारण जंगल तेच, माशीही तीच. जवळच्या गावाचा पुरावा जास्त धरायचा, लांबच्याचा कमी. जोडीला जमिनीची उंची आणि उपग्रहातून दिसणारी हिरवाई. यातून न तपासलेल्या गावाचाही अंदाज बांधता येतो. मला विशेष आवडले ते असे, की त्यांचा नकाशा नुसती टक्केवारी सांगत नाही. गाव २० टक्क्यांच्या वर असण्याची शक्यता किती, तेही सांगतो. शक्यता अर्धीमुर्धी असेल, तर आधी तिथे जाऊन तपासा.

तपासायची एक स्वस्त पद्धतही आहे. कृमीचे चित्र दाखवून “असा किडा डोळ्यात आला होता का?” विचारायचे. ४० टक्क्यांहून अधिक ‘हो’ आले, की गाव धोक्याचे. पुढे २०१५ मध्ये कॅमेरूनच्या ओकोला भागात मोबाइल फोन जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने १६,००० हून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. फार पिल्ले असलेले जेमतेम २ टक्के लोक वगळून बाकीच्यांना औषध दिले. गंभीर अपाय एकालाही झाला नाही.

लोआ लोआ आपल्याकडे नाही, तेव्हा ती भीती नको. मात्र गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी यांना कोणतीच गोळी देत नाहीत. पाच वर्षांखालील मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत.