पोलीस प्रश्न विचारायचे थांबत नाहीत

टोरंटो-मिसिसागाकडच्या मराठी घरांत एक समज घट्ट बसला आहे: ‘वकिलाशिवाय बोलणार नाही’ म्हटलं की पोलिसांना चौकशी थांबवावीच लागते. हे अमेरिकन मालिकांत पाहिलेलं आहे. कॅनडात कायदा वेगळा आहे, आणि कितीदा सांगितलं तरी लोक मालिकेवरच विश्वास ठेवतात, याची चीड येते.

१९८२च्या हक्कांच्या सनदेतलं कलम १०(ब) अटक झालेल्याला विनाविलंब वकील गाठण्याचा हक्क देतं. ती संधी मागितली, तर वकिलाशी खासगीत बोलणं होईपर्यंत पोलिसांनी थांबायचं असतं. पण फोन ठेवला की प्रश्न पुन्हा सुरू होऊ शकतात. त्या वेळी वकील शेजारी बसलेला असण्याचा हक्क प्रौढ माणसाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सिंक्लेअर खटल्यात ठरवलं. त्याआधी, २००७च्या सिंग खटल्यात, आरोपीने ‘मला बोलायचं नाही’ असं १८ वेळा सांगितलं होतं. अधिकारी विचारतच राहिला. अखेर आरोपी जे बोलला, ते ५ विरुद्ध ४ मतांनी पुरावा म्हणून ग्राह्य धरलं गेलं. मला तो निकाल पटत नाही. पण कायदा आज तोच आहे. गप्प राहण्याचा हक्क पक्का आहे, फक्त तो तुम्हालाच टिकवावा लागतो. हवापाण्याच्या गप्पांत सामील झालात, की पुढचं बोलणं आवरणं कठीण.

भारतातून सोबत आलेला समज आणखी घातक: पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. भारतात ते साधारणपणे खरं आहे. कॅनडात मात्र ती स्वेच्छेने दिली, हे सरकारी पक्षाने वाजवी शंकेपलीकडे सिद्ध केलं की चालते.

गप्प बसला म्हणजे गुन्हेगार? नाही. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे कलम ११(ड) सांगतं.

वकिलाला पैसे नाहीत? अटकेनंतर फोनवर मोफत प्राथमिक सल्ला मिळतो. पोलिसांनी ते सांगायलाच हवं.

गाडी अडवली तरी काहीच करायचं नाही? चूक. लायसन्स दाखवावंच लागतं, आणि कायदेशीर मागणीनंतर श्वासाची चाचणी विनाकारण नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

अठराच्या आतल्या मुलांना मात्र जबाब देताना वकील आणि पालक सोबत ठेवता येतात.

अटकेची वेळ आलीच, तर नाव सांगा आणि लगेच वकिलाला फोन मागा. इंग्रजी अपुरं पडत असेल तर तसं स्पष्ट बोला. वकिलाने गप्प राहा म्हटलं, तर शेवटच्या प्रश्नापर्यंत गप्प राहा.