स्थूलता असलेल्या गर्भवतींचे प्रसूतिसेवेतील अनुभव (युनायटेड किंग्डम)

युनायटेड किंग्डममध्ये गर्भारपणातील पहिल्या तपासणीच्या वेळी सुईण गर्भवतीची उंची व वजन मोजून बॉडी मास इंडेक्स काढते. हा निर्देशांक ३० किंवा त्याहून अधिक असल्यास स्थूलतेची नोंद होते आणि तिथून पुढे त्या स्त्रीला मिळणाऱ्या सेवेचे स्वरूप बदलते.

वैद्यकीय पार्श्वभूमी

स्थूलतेमुळे गर्भारपणातील मधुमेह, उच्च रक्तदाबाचे विकार, रक्ताच्या गुठळ्या, सिझेरियन व मृतजन्म यांचा धोका वाढतो. त्यामुळे अशा स्त्रियांना मधुमेहाची चाचणी सुचवली जाते; पूर्वी केवळ निर्देशांकाच्या आधारे दररोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडही सुचवले जात असे. निर्देशांक ४० किंवा अधिक असल्यास प्रसूतीपूर्वी भूलतज्ज्ञाची भेट ठरवली जाते. दक्षिण आशियाई कुटुंबांतील स्त्रियांना, म्हणजे तेथील मराठी भाषक स्त्रियांनाही, वजन कमी असले तरी मधुमेहाची चाचणी देऊ केली जाते. गर्भारपणात वजन घटवण्यासाठी आहार कमी करू नये, अशी शिफारस ‘नाइस’ या संस्थेने २०१० साली केली.

अनुभव

क्रिस्टीन फर्बर व लिंडा मॅकगोवन यांच्या २०११ मधील अभ्यासात स्त्रियांनी अपमान व कलंकाची भावना व्यक्त केली. ही भावना नेहमी उघड टीकेतूनच येते असे नाही. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला न पुरणे आणि दुसरा शोधून आणेपर्यंत वाट पाहणे, पोटावरील चरबीमुळे सोनोग्राफीत गर्भ स्पष्ट न दिसणे, त्यासाठी पुन्हा बोलावले जाणे, असे साधे प्रसंगही त्याला कारणीभूत ठरतात. त्याच वर्षी डेबी स्मिथ व टीना लॅव्हेंडर यांनी पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. वैद्यकीय उपचारांवर भर दिल्याने सेवेतील व्यक्तिगत आस्था हरवते, हा त्यातील एक निष्कर्ष होता. स्वतःच्या व बाळाच्या आरोग्यासाठी जीवनशैली सुधारण्याचे फायदेही त्यात नोंदवले होते. स्त्रियांना सल्लाच नको असतो, असा अर्थ यातून निघत नाही.

वजनाचा विषय काढणे अनेक सुईणींनाही अवघड वाटते. विषय टाळल्यास आपल्याला नेमका कोणता धोका आहे हे स्त्रीला कळत नाही, आणि तो कोरडेपणाने काढल्यास पुढील भेटींत ती मोकळेपणाने बोलत नाही.

प्रसूतीच्या जागेची निवड

मतभेदाचा खरा मुद्दा येथे आहे. ‘नाइस’च्या २०१४ च्या मार्गदर्शनात निर्देशांक ३५ पेक्षा अधिक असल्यास प्रसूतितज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात बाळंतपण सुचवले होते. त्यामुळे घरी किंवा सुईणींच्या केंद्रात, पाण्याच्या टबात प्रसूत होण्याची इच्छा असलेल्या स्त्रियांचा पर्याय प्रत्यक्षात आकुंचित होतो. मात्र इंग्लंडमधील आकडेवारीच्या विश्लेषणात, पूर्वी प्रसूत झालेल्या आणि अन्य कोणताही विकार नसलेल्या स्थूल स्त्रियांना, प्रथमच प्रसूत होणाऱ्या सामान्य वजनाच्या स्त्रियांपेक्षा कमी हस्तक्षेपांची गरज भासल्याचे आढळले. पुढे २०१८ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने अशा स्त्रियांना सुईणींच्या केंद्राचा पर्याय देता येईल असे नमूद केले; गुंतागुंत उद्भवल्यास रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था आधीच निश्चित असणे ही त्यासाठीची अट आहे.